अगिम नावाची माणसं आणि बीडच्या नावपट्ट्या

बीड जिल्ह्यात पोलिसांच्या नावपट्टीवरून आडनाव काढून टाकलं, ही मार्च २०२५ मधली बातमी आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर अजून अधूनमधून वर येते. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्यानंतर जिल्ह्यात मराठा-वंजारी तेढ इतकी वाढली की पोलीस दलात कुठल्या जातीचे किती, याचीच चर्चा सुरू झाली. मग पोलीस अधीक्षकांनी सांगितलं, एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारा, आणि छातीवर व टेबलावर फक्त पहिलं नाव असलेल्या पट्ट्या आल्या. ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आडनाव गेलं की जात जाईल. दुसऱ्याचं म्हणणं, ही निव्वळ रंगसफेदी.

मी अंबाजोगाईची, म्हणजे त्याच जिल्ह्यातली. बरीच वर्षं झाली, स्वित्झर्लंडमध्ये लुझर्नच्या जवळ राहते आणि इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. या वादात मला पुन:पुन्हा इथले माझे अल्बेनियन शेजारी आणि सहकारी आठवतात. नावातून काय कळावं आणि काय कळू नये, हा प्रश्न त्यांच्या समाजाने दीडेकशे वर्षांपूर्वी हातात घेतला आणि त्याची बरी-वाईट सगळी फळं भोगली. म्हणून आज एकाच नावाबद्दल लिहिते. अगिम.

अगिम म्हणजे पहाट. आपल्याकडे अरुण किंवा प्रभात ठेवतात तसं मुलाचं साधं नाव. कोसोवोत, अल्बेनियात, उत्तर मॅसिडोनियाच्या पश्चिम भागात दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या पुरुषांत ते जागोजागी भेटतं. या नावावरून माणूस अल्बेनियन आहे हे कळतं. मुसलमान की कॅथलिक की ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, हे कळत नाही. ते मुद्दामच तसं आहे. अल्बेनियन समाज धर्माने विभागलेला, बहुसंख्य मुसलमान, उत्तरेत कॅथलिक, दक्षिणेत ऑर्थोडॉक्स. एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्या राष्ट्रीय चळवळीने भाषेला धर्माच्या वर बसवलं. पुढे मुलांना पैगंबरांची किंवा संतांची नावं देण्याऐवजी भाषेतले शब्द आणि ज्यांना ते आपले पूर्वज मानतात त्या प्राचीन इलिरियन लोकांची नावं देण्याची चाल पडली. इलिर, तेउता, अग्रोन, अगिम.

हा बदल एकाच घरात कसा दिसतो, याचं उदाहरण म्हणजे अगिम चेकू. पश्चिम कोसोवोतल्या पेया शहराजवळच्या च्युश्क गावात १९६० मध्ये जन्म. वडिलांचं नाव हसन, मुलाचं अगिम. हे चेकू युगोस्लाव्हियाच्या (कोसोवो तेव्हा त्याच देशात होतं) सैन्यात अधिकारी होते. १९९१ मध्ये ते सोडून क्रोएशियाच्या सैन्यात गेले, १९९९ मध्ये सर्बियाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कोसोवो मुक्तिसेनेचे सेनाप्रमुख झाले. त्याच वर्षी १४ मे रोजी सर्बियन दलांनी च्युश्कमध्ये हत्याकांड केलं, त्यात हसन चेकू मारले गेले. मार्च २००६ ते जानेवारी २००८ मुलगा कोसोवोचा पंतप्रधान होता. सर्बियाने काढलेल्या वॉरंटमुळे त्यांना स्लोव्हेनियात २००३ मध्ये, हंगेरीत २००४ मध्ये, बल्गेरियात २००९ मध्ये अडकवलं गेलं आणि प्रत्येक वेळी सोडावं लागलं. त्यांच्या युद्धकाळाबद्दल सर्ब आणि अल्बेनियन लोकांत टोकाची मतं आहेत. इथे मला फक्त बाप-लेकाच्या नावांकडे लक्ष वेधायचं आहे.

दुसरे अगिम रमदानी. १९६३ चा जन्म, पेशाने लष्करी अधिकारी, पण चित्रं काढायचे, कविता लिहायचे. नव्वदच्या दशकात ते स्वित्झर्लंडमध्ये आले, इथल्या हजारो कोसोवोकरांसारखेच. मग लढायला परत गेले आणि ११ एप्रिल १९९९ रोजी अल्बेनियाच्या सीमेवर कोशारेच्या लढाईत पडले. कोसोवोची राजधानी प्रिश्तिनातल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. कोसोवोकरांच्या घरात हे नाव निघालं की मोठी माणसं थोडी सावरून बसतात, हे मी पाहिलं आहे.

तिसरे अगिम इब्राइमी, तेतोवोचा फुटबॉलपटू, १९८८ चा जन्म, उत्तर मॅसिडोनियाकडून खेळलेला. ५ नोव्हेंबर २०१४ रोजी स्लोव्हेनियाच्या मारिबोर क्लबने चॅम्पियन्स लीगमध्ये चेल्सीला १-१ असं रोखलं, त्यातला मारिबोरचा गोल याचा.

आता ही नावं आडनावासकट परत वाचा. रमदानी, म्हणजे रमजानवरून. इब्राइमी, म्हणजे इब्राहिमवरून. पहिल्या नावातून धर्म काढला, तो आडनावात जसाच्या तसा राहिला. एका पिढीने मुलाचं नाव बदललं, पण आजोबा-पणजोबांचं नाव शेपटासारखं मागे आलंच. आणि स्वित्झर्लंडमध्ये दारावरच्या घंटीवर, टपालपेटीवर आडनावच असतं. फोन उचलला की लोक आडनाव सांगतात. म्हणजे ज्या देशात अगिम कामाला आला, तिथे त्याचं अगिम असणं फार उशिरा कळतं.

या नावांमागे सरकारचा हात कसा फिरला, ते आपल्याकडच्या वादासाठी सगळ्यात कामाचं आहे. अल्बेनियात साम्यवादी हुकूमशहा एन्व्हर होजाने १९६७ मध्ये मशिदी आणि चर्च बंद केली. १९७५ मध्ये हुकूम निघाला की राजकीय, वैचारिक किंवा नैतिक दृष्टीने अयोग्य ठरणारी नावं आणि आडनावं नागरिकांनी बदलावीत. पसंत नावांच्या याद्या नगरपालिकांकडे आल्या. अगिम, इलिर अशी नावं आता सरकारमान्य झाली आणि आईबापांनी हौसेने ठेवलेली महंमद, जॉर्ज, मारिया ही नावं अडचणीची. होजा हे आडनाव स्वतःच मुल्लाच्या हुद्द्यावरून आलेलं आहे. हुकूम काढणाऱ्याने ते बदललं नाही. त्याच्या मुलांची नावं मात्र इलिर, सोकोल आणि प्रान्वेरा.

त्याच सुमाराला सीमेपलीकडे नेमकं उलटं चाललं होतं. १९८० च्या दशकात युगोस्लाव्ह मॅसिडोनियातल्या अधिकाऱ्यांनी अल्बान, फ्लामूर अशी अल्बेनियन नावं राष्ट्रवादाला चिथावणारी म्हणून नोंदवून घ्यायला नकार दिला. अल्बेनियाची राजधानी तिरानात जी नावं वरून लादली जात होती, तशीच नावं तेतोवोत बाप कचेरीत भांडून नोंदवायला बघत होता. तिसरं टोक ग्रीसचं. १९९१ नंतर लाखो अल्बेनियन पोटासाठी तिकडे गेले, आणि काम, खोली, परवाना मिळावा म्हणून कित्येकांनी ग्रीक ऑर्थोडॉक्स नावं घेतली. तिथे हुकूम कुणी काढला नव्हता. मुकादम कोणाला हाक मारतो आणि कोणाला मारत नाही, एवढं पुरेसं होतं.

मला लादलेलं नाव आणि निवडलेलं नाव यांतला फरक फार मोठा वाटतो. म्हणून ‘कायदा करा, सगळ्यांची आडनावं रद्द करा’ असं ग्रुपवर कुणी लिहिलं की मी ठाम विरोध करते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचा नियम झाला, तोही सक्तीचा आहे, पण त्याला माझा पाठिंबा आहे. तो सगळ्यांना सारखा लागू होतो आणि कुणाला काही लपवायला सांगत नाही. आडनाव पुसण्याची सक्ती वेगळी. ज्याच्या आडनावाने त्याला आजवर त्रास दिला, त्यालाच ती सांगते की तुझ्यातलंच काहीतरी झाकायला हवं.

आणि झाकून भागतं का? आमच्याकडे भागत नाही. जाधव, पवार, गायकवाड ही आडनावं कितीतरी जातींत आहेत, म्हणून आडनाव ऐकून ज्याचं समाधान होत नाही तो पुढे विचारतो: गाव कोणतं? कोणत्या आळीला? पाहुणे कुठले? पट्टीवर नुसतं ‘संतोष’ असलं तरी ठाण्यात तक्रार घेऊन आलेला माणूस चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत सगळं काढून घेतो. आणि ठाण्यातला हवालदारही समोरच्याबद्दल तेच करतो, त्याच्यासमोर तर अर्जावर पूर्ण नाव असतं. पट्टी पोलिसाची बदलली, अर्जदाराची नव्हे.

इथे माझ्या घरापासून जवळ एमेन नावाचं गाव आहे. कारखान्यांचं, परदेशी कामगारांनी भरलेलं. तिथे नागरिकत्वाचे अर्ज गावकऱ्यांच्या गुप्त मतदानाला टाकले जायचे. अर्जदारांची माहिती छापून घरोघर जायची: नाव, कुटुंब, काम, छंदसुद्धा. १२ मार्च २०००च्या मतदानात इटालियन अर्जदार पास झाले आणि युगोस्लाव्हियातून आलेले एकजात नापास. त्यांतले कित्येक इथे वाढलेले, इथल्या शाळेत शिकलेले, जर्मनची स्थानिक बोली बोलणारे. नावातून धर्म काढून टाकलेला अगिम इथे मूळ देशामुळे पकडला गेला. वाचणाऱ्याच्या मनात चाळणी तयार असली की नाव कुठलंही चालतं.

नोकरीतही तेच. इथल्याच नुशातेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी मालकांकडे पाठवले. २००३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात स्वित्झर्लंडच्या जर्मन भाषक भागात सर्वांत मोठी गळती अल्बेनियन नावांची होती. आपल्याकडचा तसाच अभ्यास सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा, मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त २००७ मध्ये आलेला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पदवीचे अर्ज गेले. उच्चजातीय हिंदू आडनावाच्या तुलनेत पुढची पायरी मिळण्याचं प्रमाण दलित आडनावाला सुमारे ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ भरलं. अर्ज तेच, कागद तोच.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबात मुलगी नववीत आहे आणि शिकाऊ उमेदवारीचे अर्ज भरते आहे. वडील याच नावाचे, अगिम. एका संध्याकाळी मी तिच्या बायोडेटातली वाक्यं तपासायला बसले. उजवीकडे फोटो, डावीकडे नाव, आणि नावाच्या लगेच खाली, जन्मतारखेच्याही आधी, तिच्या आईने ठळक अक्षरांत लिहायला लावलेलं: राष्ट्रीयत्व स्विस. मुलीला ते नको होतं, जन्म इथला आहे हे खाली दिसतंच की, असं तिचं म्हणणं. आई म्हणाली, खालपर्यंत वाचतं कोण. मी त्यावर काही बोलू शकले नाही. ओळ तशीच ठेवली.

मग बदल कशाने झाला? एमेनचं प्रकरण स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ जुलै २००३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की नागरिकत्व नाकारायचं असेल तर कारण द्यावं लागेल. गुप्त मतपेटी कारण देऊ शकत नाही, म्हणून ती पद्धत घटनेत बसत नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षाने ते उलटवण्यासाठी सार्वमत घेतलं. १ जून २००८ रोजी जवळजवळ ६४ टक्के मतदारांनी त्यांना नाही म्हटलं. अनेक गावांत निर्णय निवडून आलेल्या समित्यांकडे गेला. येन्स हाइनम्युलर आणि डोमिनिक हांगार्टनर या दोन संशोधकांनी नंतर शेकडो गावांची आकडेवारी तपासली: मतदान जाऊन समिती आल्यावर नागरिकत्व मिळण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी वाढलं, आणि सर्वांत जास्त फायदा तुर्कस्तान आणि युगोस्लाव्हियातून आलेल्यांना झाला. गावं तीच होती, माणसंही बहुतेक तीच. नाकारणाऱ्याला आपल्या सहीखाली कारण लिहावं लागलं, एवढाच फरक. ‘मला याचं नाव आवडत नाही’ हे कारण कुणालाही कागदावर लिहिता येत नाही.

म्हणून मी ग्रुपवर दोन्ही तटांना सांगते की पट्टीवर भांडू नका. पट्टी राहू द्या. एका दलातल्या माणसांनी एकमेकांना नावाने हाक मारणं चांगलंच आहे, आणि अल्बेनियन लोकांकडे बघता अशा सवयीने पिढ्यांनंतर आतली भिंत खरोखर खचते. आमच्या खालच्या मजल्यावरचा अगिम आणि त्याची बायको वेगळ्या धर्मांतले आहेत, हे मला ओळख झाल्यावर फार उशिरा कळलं, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. पण बीडमध्ये ज्याची तक्रार आज घेतली जात नाही, त्याला पिढ्या थांबायला सांगता येणार नाही.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलं आहे. नकार मिळाला तर लेखी तक्रार अधीक्षकांकडे पाठवता येते, हेही कायद्यात आहे. नाही ते एवढंच की ठाण्यातून परत पाठवलेल्या माणसाच्या हातात काही नसतं. त्याला तारीख, वेळ, नाकारण्याचं कारण आणि नाकारणाऱ्याची सही असलेला कागद द्या. दर महिन्याला कुठल्या ठाण्याने किती जणांना कोणत्या कारणाने परत पाठवलं ते ठाण्याच्या फलकावर लावा. अधीक्षकांना यासाठी विधिमंडळाकडे जावं लागणार नाही, त्यांच्या सहीचं एक परिपत्रक पुरेल.