‘ऑइल परवडत नसेल तर गाडी विका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंजिनप्रेमी यांना नमस्कार.

खरं नाव लिहिलं असतंत तर त्या नावाने हाक मारली असती. असो.

गेल्या आठवड्यात मी आमच्या २०१३ च्या वॅगनआरचं ऑइल बदलल्याबद्दल लिहिलं होतं. सरकारी कंपनीचा ५डब्ल्यू-३० ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ऑइल किती घट्ट-पातळ ते) डबा बाराशेच्या आसपास पडला. शेजारीच फुल सिंथेटिकचा, म्हणजे जास्त प्रक्रिया केलेल्या ऑइलचा, डबा बावीसशेला होता, तो मी घेतला नाही, एवढाच त्या लेखाचा विषय. त्यावर रात्री पावणेबाराला आपली प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो : ‘डब्ल्यू’चा अर्थ मी चुकीचा दिला, स्वस्त ऑइल दोन हजार किलोमीटरमध्ये काळं पडतं, टर्बो गाड्यांचा आणि वॉरंटीचा मी विचार केला नाही, लेखाचं शीर्षक दिशाभूल करणारं आहे आणि शेवटी, ‘ऑइल परवडत नसेल तर गाडी विका, लोकांच्या इंजिनांशी खेळू नका.’

पहिली गोष्ट मान्य. डब्ल्यू म्हणजे ‘वेट’ असं मी लिहिलं, ते ‘विंटर’ हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक ती चूक, माझ्यात तेवढा प्रामाणिकपणा आहे. मात्र (डब्ल्यूआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं) ५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांना होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. आमच्या सांगलीत पारा दहाच्या खाली आला की लोक कानटोप्या शोधतात. त्यामुळे या चुकीने कुणाचं इंजिन बसलं असेल असं मला वाटत नाही.

आता ते शेवटचं वाक्य.

‘गाडी विका.’ हे तुम्ही कुणाला म्हणताय, हे लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं? माझ्या वडिलांचं स्टँडजवळ स्पेअर पार्ट्स आणि ऑइलचं दुकान होतं. शाळा सुटली की मी गल्ल्यावर. कोपऱ्यात बॅरल, त्याला हातपंप, खाली पत्र्याचं लिटरचं माप. मापाच्या कडेवरून ओघळ यायचा, तो वडील बोटाने निपटून परत मापात घालायचे, कारण तो ओघळ गिऱ्हाईकाच्या पैशाचा होता. सकाळी साडेसहाला वडापवाले यायचे. ट्रॅक्समध्ये माणसं कोंबून तासगाव, विटा अशा फेऱ्या मारणारी ही मंडळी. लिटरभर ऑइल न्यायची आणि आठवड्याच्या बाजाराला पैसे द्यायची. उधारीच्या वहीत त्यांची नावं गाडीच्या नंबराने असायची. कुणी महाग ब्रँड मागितलाच तर वडील विचारायचे, ‘कंपनीने कुठली ग्रेड सांगितलीय? मग वरचे पैसे कशाला घालवतोस, पोराला चप्पल घे.’ त्या माणसांनी त्याच गाड्यांवर पोरं शिकवली आणि बहिणींची लग्नं केली. त्यांना ‘गाडी विका’ म्हणायला दुकानात कुणी आलं असतं, तर वडिलांनी चहा पाजून वाटेला लावलं असतं. मी चहासुद्धा पाजला नसता.

पुढे आमच्या घरात मारुती ८०० आली, सेकंड हँड. तिला आयुष्यभर साधं मिनरल, म्हणजे कच्च्या तेलापासून काढलेलं, ऑइल घातलं. एक लाख साठ हजार किलोमीटर झाल्यावर ती विकली, तोवर इंजिनचं काम निघालं नव्हतं. ही काही प्रयोगशाळा नव्हे, हे मलाही कळतं, तेव्हा त्यावरून वेगळी प्रतिक्रिया लिहिण्याचे कष्ट घेऊ नका.

महाग ऑइलचाही अनुभव आहे, तोही ऐकून घ्या. २०११ मध्ये, तुमच्यासारख्याच एका जाणकाराच्या सल्ल्याने, हायवेवरच्या एका दुकानातून मी नामांकित ब्रँडचा सगळ्यात महाग डबा घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही. पंधरा दिवसांत टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह हलवणारे भाग, वाजायला लागले. मिस्त्रीने ड्रेन प्लग सोडला तर ऑइल पाण्यासारखं भसकन खाली आलं. रिकामा डबा डिकीतच होता. टोपीखालचं सील नीट बघितलं, तर फॉइल एका बाजूला तिरपं चिकटवलेलं आणि कडेला गोंदाचा वाळलेला थर. जुन्या डब्यात भलतंच ऑइल भरून विकलेलं. नकली माल भरणाऱ्याला स्वस्त ब्रँडचा डबा कशाला हवा? त्याला महागातलाच परवडतो. तेव्हापासून डबा रिकामा झाला की मी त्याच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हरने दोन भोकं पाडतो. तुम्ही पाडता का? तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल अवाक्षर नाही. इंजिनांची एवढी काळजी असलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं.

आणि ‘फुल सिंथेटिक’ या शब्दाला किती ओवाळायचं तेही एकदा ठरवा. या शब्दावरून अमेरिकेत कॅस्ट्रॉल आणि मोबिल या ऑइल कंपन्यांची जुंपली होती. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातींची तपासणी करणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलचं म्हणणं उचलून धरलं, आणि कच्च्या तेलावर हायड्रोजनची जोरकस प्रक्रिया करून काढलेलं बेस ऑइलही (ज्यात बाकीची रसायनं मिसळून इंजिन ऑइल बनतं ते मूळ तेल) ‘सिंथेटिक’ म्हणून विकायची वाट मोकळी झाली. सिंथेटिक वाईट असं मी म्हणत नाही. उष्णतेत ते जास्त टिकतं, हे मी मूळ लेखातही लिहिलंय (तिथपर्यंत वाचलं असेल तर). पण डब्यावर बघायचं असतं ते चिकटपणाची ग्रेड आणि एपीआयची, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, पातळी. एसएन आली २०१० मध्ये, एसपी २०२० मध्ये. बाराशेच्या डब्यावर एसएन आणि बावीसशेच्या डब्यावरही एसएन असेल, तर त्या परीक्षेत दोघंही पास आहेत. एकाला पंच्याण्णव टक्के असतील, असू देत. माझी वॅगनआर भाजी मंडई, मुलीचा क्लास आणि वर्षातून एकदा पंढरपूर एवढंच फिरते. तिला मेरिट लिस्टमध्ये यायचं नाही.

बाकीचे मुद्दे पटकन उरकतो, मला कामं आहेत.

ऑइल काळं पडतं, कारण त्यातलं डिटर्जंट काजळी धरून ठेवतं. ज्या फडक्याने पुसलं ते फडकं मळणारच. त्यातून दोन हजार किलोमीटरमध्ये काळं झालं म्हणून कुणी बदलणार असेल तर बदला, दुकानदार तुमचा फोटो लावेल. मी दर वर्षी दसऱ्याच्या आधी बदलतो, फिल्टरसकट. मग पूजा आणि झेंडूचा हार. तोवर सहा-सात हजारच फिरलेली असते, कंपनी तर दहा हजार किंवा एक वर्ष सांगते.

वॉरंटी : माझी गाडी २०१३ ची आहे. वॉरंटी कसली?

टर्बो, नव्या गाड्यांतलं ०डब्ल्यू-२०, बीएस-६ डिझेलच्या धुराच्या फिल्टरला लागणारं कमी राखेचं ऑइल वगैरे : त्या लोकांनी आपापलं मॅन्युअल बघावं. टर्बो पेट्रोलवाल्यांनी डब्यावर एसपी आहे का एवढं बघितलं तरी पुष्कळ. मी वॅगनआरबद्दल लिहीत होतो. सगळ्या जगाच्या गाड्यांची जबाबदारी मी का घेऊ?

‘मग शीर्षक “कुठल्याही गाडीला स्वस्त ऑइल चालतं” असं का दिलं?’ हा तुमचा प्रश्न. शीर्षक जरा चटपटीत लागतंच हो. त्याखाली लेख असतो, तो वाचायचा असतो. तरी तुमच्या समाधानासाठी ‘कुठल्याही’च्या जागी ‘बहुतेक’ केलंय.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. धाकट्या भावाने सांगितलं, ‘दादा, सोड ना, कशाला नादी लागतोस.’ दोन दिवस सोडूनही बघितलं. पण त्या ‘गाडी विका’ने जेवताना घास अडकायचा.

बरं, उद्या खरंच गाडी विकायला काढली, तर बघायला येणारा माणूस आधी काय करतो ते तुम्हाला माहीत असेलच. इंजिन बंद करून ऑइलची टोपी फिरवतो, बोट आत घालून फिरवतो आणि बोटाला गाळ लागतो का ते बघतो. आज सकाळी मी माझ्या गाडीची टोपी उघडली. रीडिंग एक लाख अठरा हजार. टोपीच्या आतल्या बाजूचा आणि माझ्या बोटाचा, दोन्ही फोटो खाली टाकतोय. मोठे करून बघा, रात्री पावणेबाराला सवडीने.