बैठकांचं 'विष' आणि सोड्याचा ग्लास

तालमीच्या ग्रुपवर सध्या फिरतोय तो मेसेज असा: बैठका मारल्या की मांड्यांत लॅक्टिक ॲसिड नावाचं विष साठतं, तेच तीन दिवस दुखतं, मग लिव्हरमध्ये उतरून लिव्हर सडवतं. उपाय? रोज उपाशीपोटी दोन चमचे खायचा सोडा पाण्यातून घ्या आणि मालिश करून विष पिळून काढा. माझा भाचा तो सोडा पितोय. बीपीच्या गोळ्या चालू असलेले दाजीही त्याच्याबरोबर सुरू झाले. आणि ताई मला विचारते, "दादा, पोराच्या लिव्हरची तपासणी करून घेऊ का?"

लिव्हरचं आधी घेतो, कारण तिथं सगळं उलटंच सांगितलंय. कुस्तीत दम लागेपर्यंत झटापट चालते तेव्हा नुसत्या ऑक्सिजनच्या जोरावर स्नायूचं भागत नाही. तो ग्लुकोज अर्धवटच तोडतो. एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, 2 रेणू पदरात पडतात आणि लॅक्टेट उरतं; मेसेजमधल्या लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप ते हेच. ते रक्तातून लिव्हरकडे जातं. लिव्हर त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं, त्यापायी स्वतःच्या एटीपीचे 6 रेणू खर्चतं आणि तयार ग्लुकोज परत रक्तात सोडतं. स्नायूसाठी लिव्हर अशी पदरमोड करत असतं, आणि हे म्हणतात ते सडतं! कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्यानं हे चक्र 1929 मध्ये मांडलं. ग्लायकोजेन म्हणजे शरीरात साठवलेलं ग्लुकोज, त्यावरच्या कामासाठी त्यांना 1947 चं नोबेलही मिळालं. शिवाय सगळं लॅक्टेट लिव्हरपर्यंत पोचतही नाही. बरंचसं हृदय आणि बाकीचे स्नायू इंधन म्हणून जाळतात.

तीन दिवसांचं दुखणं? मेहनत थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट पूर्वपदावर येतं. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं. बैठकीत खाली जाताना ताणल्या जाणाऱ्या स्नायूंत बारीक इजा होतात, त्यांचं ते दुखणं. जिना चढण्यापेक्षा उतरताना मांड्या जास्त बोलतात त्या त्यामुळेच. मालिश करा, बरं वाटतं. पिळून काढायला आत काही नसतं.

आता खरं तेवढं मान्य करतो. जोराच्या मेहनतीत स्नायूतली आम्लता वाढते, आणि काही खेळाडू स्पर्धेआधी वजनाप्रमाणे मोजून सोडा घेतात, त्याचा थोडा फायदाही दिसलाय. लॅक्टिक ॲसिडोसिस, म्हणजे लॅक्टेट साचून रक्ताची आम्लता वाढणं, हा गंभीर प्रकारही खरा आहे, पण तो रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या किंवा रक्तदाब कोसळलेल्या पेशंटमध्ये दिसतो. रोजच्या बैठकांनी धडधाकट पोराला तो होत नाही.

सोड्यानं मात्र खरंच नुकसान होतं. चहाच्या दोन सपाट चमच्यांत अडीच ग्रॅमच्या आसपास सोडियम, मिठातला बीपी चढवणारा घटक तोच, पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 2 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आणि हे बीपीच्या माणसानं रोज प्यायचं? दाजींचा ग्लास मी त्याच दिवशी बंद करायला लावला.

भाच्याला सांगितलंय, खुराक नीट घे, पाणी पी, दुखतंय तोवर बैठका कमी कर. आणि मेहनतीनंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर स्नायू जास्तच फाटलेत असं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठ, तिथं मूत्रपिंडाला धोका असतो.