रेडवर क्लोन केलं म्हणून बॅकअप सुटत नाही

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा: सिल्व्हर मॉलमधून जुन्या डिस्कच्याच मापाच्या दोन सारख्या एसएसडी आणा, बायोसमध्ये रेड चालू करा, सी ड्राइव्ह त्यावर क्लोन करा. कॉम्प्युटर दुप्पट वेगाने चालेल, डेटा कधीच जाणार नाही, बॅकअपची कटकट संपली. (रेड म्हणजे एकापेक्षा जास्त डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरणं, क्लोन म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, आणि बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणारी मशीनची सेटिंग्ज.)

आधी वेगाचं बघू. दोन डिस्कवर एकतर रेड ० लावता येतं, नाही तर रेड १. रेड ० मध्ये डेटा दोन्हींवर वाटून लिहिला जातो, मोठ्या फायली झरझर जातात, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. रेड १ मध्ये तोच डेटा दोन्हींवर लिहिला जातो, त्यामुळे लिहिण्याचा वेग वाढत नाही. मेसेजवाल्याने फायदे दोघांचे उचलले, तोटा एकाचाही नाही!

खरी मेख आहे ती 'बायोसमध्ये रेड चालू करा' यात. एएचसीआय मोडमध्ये, म्हणजे रेड नसलेल्या नेहमीच्या मोडमध्ये, बसवलेलं विंडोज सुरू होताना त्याच मोडचा ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारं छोटं सॉफ्टवेअर) उचलतं. तयारी न करता मोड बदलला तर बहुतेक वेळा निळा पडदा येतो, त्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मग लोक क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरला शिव्या देतात. त्याचा काय दोष? त्याने हुबेहूब नक्कल केली. जुन्या डिस्कवर जो ड्रायव्हर तयार नव्हता, तो नव्यावर कुठून येणार?

म्हणून क्रम उलटा हवा. आधी जुन्या डिस्कवरच रेडचा ड्रायव्हर टाका, बीसीडीएडिट कमांडने सेफ मोड (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर सुरू होण्याचा मोड) लावा, मग बायोसमध्ये मोड बदला. सेफ मोडमध्ये विंडोज उठलं की ते नवा कंट्रोलर (डिस्क सांभाळणारा भाग) ओळखतं. त्यानंतर सेफ मोड काढून टाका. जुनी डिस्क अशी नीट चालली, की मगच नव्या दोन्हींचा ॲरे (रेडने जोडलेला संच) बनवा आणि क्लोन करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर सुरुवातीलाच सस्पेंड करा, नाही तर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसेल. क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, दोन्हींची ओळख सारखीच असल्याने विंडोजचा गोंधळ होतो.

'सारख्या मापाची डिस्क घ्या' हेही अर्धवट. ॲरे स्वतःच्या माहितीसाठी थोडी जागा राखतो, त्यामुळे तेवढ्याच मापाच्या डिस्कचा सेक्टर-टू-सेक्टर क्लोन (रिकाम्या जागेसकट जशीच्या तशी नक्कल) थोडक्यात अडतो. पार्टिशन आधी थोडं लहान करा.

आता बॅकअप. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा पेपर मांडला, तो स्वस्त डिस्क जोडून महागड्या डिस्कची बरोबरी करण्यासाठी, आणि एखादी बिघडली तरी डेटा हाती राहावा म्हणून. माणसाच्या चुकीवर त्यात उतारा नाही. राजवाड्याजवळच्या एखाद्या पेढीत मार्चएंडच्या घाईत कुणी टॅलीचं फोल्डर शिफ्ट-डिलीट केलं, तर ते दोन्ही डिस्कवरून एकदमच उडणार. रॅन्समवेअरचंही (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तेच. त्याला उपाय म्हणजे वेगळी एक्स्टर्नल डिस्क, कॉपी झाली की उपसून कपाटात.

रेड १ निरुपयोगी आहे असं नाही. बिलिंगचं मशीन भर गिऱ्हाइकीत बंद पडायला नको असेल तर जरूर लावा. पण एक डिस्क मेली तरी मशीन मुकाट चालत राहतं, आणि दुसरी जाईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. रेडच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲलर्ट चालू करा, आणि अधूनमधून उघडून ॲरे 'डिग्रेडेड' (एक डिस्क गेलेली) तर दाखवत नाही ना, ते बघा.