रकाना नाही, म्हणून गुन्हाही नाही?

‘पुरुषांवर बलात्कार होतात म्हणता, मग एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची आकडेवारी जमवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) अहवालात आकडा कुठाय?’ या धाटणीचा युक्तिवाद समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. त्याच्या शेपटाला आणखी काही दावे जोडलेले असतात: गुन्ह्याला लिंग नसतं, तेव्हा स्त्री-पुरुष ही वर्गवारीच बंद करा, नवे रकाने काढले की ब्रिटनसारखा घोळ होतो, आणि तृतीयपंथी असतात तरी किती?

आधी आकडा कुठाय ते बघू. एनसीआरबी स्वतः गुन्हे शोधायला जात नाही. ठाणे अंमलदार ज्या कलमाखाली गुन्हा दाखल करतो, त्याचीच बेरीज होत होत दिल्लीला पोचते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, आणि त्याआधी दंडसंहितेच्या ३७५ मध्येही, बलात्कार करणारा पुरुष आणि पीडित स्त्री अशीच व्याख्या आहे. २०२२च्या अहवालात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे आहेत. त्यात पीडित पुरुष सापडणार कसा? पूर्वी निदान ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं, त्यात पुरुषावरची जबरदस्तीही बसायची. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले, जबरदस्तीचा भाग ठेवला. १ जुलै २०२४ला नवी संहिता लागू झाली आणि ते कलमच गेलं. आज एखादा तरुण अशी तक्रार घेऊन ठाण्यात गेला, तर दुखापत, डांबून ठेवणं, धमकी अशी कलमं लागतील. अहवालात ती घटना मारामारीच्या ढिगात जाऊन पडेल.

मुलग्यांच्या बाबतीत हेच झालं होतं. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल-अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या मुलामुलींना थेट विचारलं गेलं. लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. निम्म्याहून जास्त! २०१२ला पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा आला, त्यात बालक म्हणजे मुलगा-मुलगी दोघंही, आणि मग मुलगेही अहवालाच्या तक्त्यांत दिसायला लागले. सरकारी तक्त्यांत ते अजूनही अगदी थोडे दिसतात, कारण घरचे तक्रारच करत नाहीत. पण दिसतात तरी.

‘गुन्ह्याला लिंग नसतं’ हे ऐकायला छान आहे. २०२२मध्ये महिलांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा होता. वर्गवारी काढली की हे गेलं. गंमत अशी की, रकाने काढा म्हणणारेच पुढच्या पोस्टमध्ये पुरुषांच्या आत्महत्यांचा आकडा देतात: २०२२मध्ये १,७०,९२४ पैकी १,२२,७२४. तो कुठल्या रकान्यातून आला म्हणे?

ब्रिटनचं उदाहरण अर्धंच सांगितलं जातं. घोळ तिथे झाला हे खरं. कुठल्या पोलीस दलाने आरोपीचं जन्माचं लिंग लिहिलं, कुठल्या दलाने तो जे सांगेल ते लिहिलं. इंग्लंडच्या २००३च्या कायद्यात बलात्काराच्या व्याख्येलाच पुरुषी अवयव लागतो. तेव्हा या गुन्ह्याची आरोपी ‘स्त्री’ दिसली, तर ती साथीदार होती की ट्रान्स स्त्री (जन्माने पुरुष, पण स्वतःची ओळख स्त्री सांगणारी), हे तक्त्यावरून कळत नाही. शिवाय बायकांच्या नावावर लैंगिक गुन्हे मुळात इतके कमी, की मूठभर नोंदी इकडच्या तिकडे झाल्या तरी टक्केवारी हलते. या घोळाबद्दलची बायकांच्या संघटनांची तक्रार रास्त होती, असं माझं मत आहे. पण मार्च २०२५मध्ये, ब्रिटन सरकारने नेमलेल्या प्रा. ॲलिस सलिव्हन यांच्या अहवालाने त्यावर काय सुचवलं? जन्माचं लिंग नोंदवा, लिंगओळख विचारायची असेल तर वेगळी विचारा, दोन्हींची खिचडी करू नका. म्हणजे घोळ एकाच रकान्यात दोन गोष्टी कोंबल्यामुळे झाला.

उरला ‘असतात किती’चा प्रश्न. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ म्हणून ४,८७,८०३ लोक नोंदले गेले. २०१९च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला कमाल शिक्षा दोन वर्षं ठेवली गेली. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा. तुरुंगांच्या वार्षिक आकडेवारीत त्यांचा स्वतंत्र रकाना आला तो २०२०च्या अहवालात, तोही प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर. त्याआधीही ते तुरुंगात होतेच, फक्त पुरुषांच्या नाहीतर बायकांच्या बेरजेत.