‘कॉलेजच्या पोरांचा खेळ’ म्हणणाऱ्या अनामिक वाचकांना

मेसेज ब्रोकर, म्हणजे एका प्रोग्रामचे मेसेज रांगेत ठेवून दुसऱ्याला देणारी सिस्टिम, यावर मी लेख लिहिला. मेसेज एकमेकांशी संबंध न ठेवता, यदृच्छ पण ठरावीक सरासरी वेगाने येतात असं त्यात धरलं होतं; हीच पॉयसाँ आवक. त्यावरची तुमची प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: “पॉयसाँ आवक धरून मेसेज ब्रोकरचं गणित मांडणं हा कॉलेजच्या पोरांचा खेळ आहे. खरे मेसेज झुंडीने येतात. बॅचिंग, रेप्लिकेशन कुठे आहे? आलेखावरचं एककही चुकलंय. मॉडेलं बाजूला ठेवा, लोड टेस्ट करा.”

एककाचं तुमचं म्हणणं बरोबर. मिलिसेकंदाच्या जागी सेकंद पडलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘पोरांचा खेळ’? मतभेद सांगायला एवढी तुच्छता कशाला लागते? डॅनिश गणितज्ञ एर्लांगने १९०९ साली टेलिफोन कॉल्सच्या आवकीला पॉयसाँ वितरण लावलं, तेव्हा कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत रोज खरे कॉल्स तुंबत होते. रांगेचं गणित जन्मालाच आलं ते कामाच्या जागी. त्याला खेळ म्हणण्याआधी दोन मिनिटं थांबायला हवं होतं.

आणि लोड टेस्ट करा, म्हणजे सिस्टिमवर मुद्दाम भार टाकून बघा, हे तुम्ही मला सांगताय! अकरा वर्षांपूर्वी बिलं भरण्याच्या एका सिस्टिमची लोड टेस्ट मीच लिहिली होती. सेकंदाला ४०० मेसेज, आवक यदृच्छ, मेसेज मात्र सगळे एकाच मापाचे, प्रत्येकी २ मिलिसेकंदांचं काम. कंझ्युमर, म्हणजे रांगेतले मेसेज उचलून काम करणारा प्रोग्राम, ८० टक्के व्यग्र, रांगेत थांबणं सरासरी ४ मिलिसेकंद. टेस्ट पास, सगळे खूश.

महिनाअखेरीच्या रात्री क्यू तुंबली. आवक तेवढीच होती, कामाची सरासरीही जवळपास २ च. पण शंभरातले ९५ मेसेज ०.६ मिलिसेकंदात उरकत होते आणि पावतीची फाइल जोडलेले पाच मेसेज प्रत्येकी २८ मिलिसेकंद खात होते. त्या पाचांच्या मागे बाकीचे ताटकळत होते. थांबणं सरासरी चाळीस मिलिसेकंदांच्या जवळ गेलं, म्हणजे जवळजवळ दहापट. मग टाइमआउट (वाट पाहायची मुदत संपली), मग रिट्राय (तेच मेसेज पुन्हा पाठवले गेले), आणि रिट्रायची भर पडल्यावर कंझ्युमरला डोकं वर काढता येईना. पहाटे चारला मी लॉगमधून कामाच्या वेळा काढून रांगेत सरासरी किती थांबावं लागेल हे सांगणाऱ्या, गणितज्ञ पोलाचेकच्या १९३० च्या सूत्रात घातल्या. त्या सूत्रात सरासरीबरोबर कामाच्या वेळेच्या वर्गाची सरासरीही लागते, आणि ती या पाच मेसेजांनी फुगवली होती. उत्तर कागदावर अर्ध्या पानात आलं. हे टेस्टच्या आधी केलं असतं, तर टेस्टमध्ये मोठे मेसेज घालायचं सुचलं असतं. मी मॉडेल आधी मांडा म्हणतो ते या रात्रीमुळे. तुम्ही अशी रात्र काढली आहे का, मला माहीत नाही. प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही.

राहिलं झुंडी, बॅचिंग (अनेक मेसेज एकत्र हाताळणं), रेप्लिकेशन (मेसेजच्या प्रती अनेक मशिनांवर ठेवणं). लेख एक ब्रोकर आणि एक कंझ्युमर एवढ्यापुरता आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. तो न वाचता ‘कुठे आहे?’ विचारायचं, याला मी काय उत्तर देऊ?

पुढची टेस्ट लावाल तेव्हा प्रॉडक्शनमधल्या मापांचे मेसेज त्याच प्रमाणात मिसळून लावा आणि आकडे इथे टाका. नावानिशी टाकलेत तर मी प्रत्येक आकड्यावर बोलेन.