दुधातला फरक आणि रक्तातला फरक

गाईच्या दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाच्या साखळीत २०९ अमिनो आम्ले, म्हणजे जणू मणी, असतात आणि त्यांतल्या ६७व्या जागी प्रोलीन आहे की हिस्टिडीन, एवढ्यावरून ते दूध ए-टू म्हणून विकले जाणार की ए-वन म्हणून हिणवले जाणार, हे ठरते. माणसाच्या हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात आणि तिच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसवणारे जनुक आई आणि वडील अशा दोघांकडून आले, तर मुलाला सिकलसेल होतो, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार. दोन्ही ठिकाणी जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. वर्ध्याकडच्या माझ्या नातेवाइकांना पहिल्या फरकाची खडान्‌खडा माहिती आहे. ए-टू तुपाचा डबा भेट म्हणून बर्मिंगहॅमपर्यंत येतो आणि त्याच्यासोबत जर्सी गाईच्या दुधाने मधुमेह कसा होतो याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे पुराणही येते. दुसऱ्या फरकाचे रुग्ण मात्र त्यांच्याच विदर्भात, त्यांच्याच तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत उभे असतात, आणि त्याबद्दल विचारले तर उत्तर मिळते, ‘तो आदिवासींचा आजार ना?’

तो केवळ आदिवासींचा नाही. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण मोठे आहे हे खरे, पण पूर्व विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि काही ओबीसी समाजांतही आढळतो. सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेल्या वाहकाला मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया नांदला तिथे ते जनुक टिकून राहिले.

दुधाच्या वादाचा वेग पाहण्यासारखा आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दूध-तुपाच्या वेष्टनांवरून ए-वन आणि ए-टूचे दावे काढून टाकण्याचा आदेश दिला, कारण हा फरक प्रथिनाचा आहे आणि त्याच्या जोरावर तूप विकणे दिशाभूल करणारे आहे. तुपात मुळात प्रथिने नावालाच उरतात. पाचच दिवसांत, २६ ऑगस्टला, तो आदेश मागे घेण्यात आला. पुढच्याच महिन्यात, ३० सप्टेंबरला, महाराष्ट्र सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपयांचे अनुदान ठरवले. गवळाऊ, डांगी, देवणी, खिल्लार, लाल कंधारी या आपल्या जाती टिकाव्यात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उन्हाळा सोसणारे, कमी चाऱ्यावर तगणारे जनावर उद्या अधिकच लागणार आहे. पण त्यासाठी दुधाला औषध ठरवण्याची गरज नव्हती. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून असे म्हटले होते की, ए-वन दुधातून सुटणारा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, आणि मधुमेह किंवा हृदयविकार यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. शिवाय ए-टूच हवे असेल तर आपल्या म्हशीचे सगळे दूध त्याच प्रकारचे असते. तिला मात्र कोणी राज्यमावशीसुद्धा केलेले नाही.

आता दुसरा फरक. सिकलसेलचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ होता, आणि एखाद्या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हणण्याची ती पहिली वेळ होती. त्यानंतर काही वर्षांत केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने नेमके कोणते अमिनो आम्ल बदललेले आहे ते शोधून काढले. म्हणजे दोष कुठे आहे हे जगाला साठ-पासष्ट वर्षे ठाऊक होते. तिथपर्यंत पोचणारे हत्यार तेवढे नव्हते. ते हत्यार म्हणजे क्रिस्पर ही जनुकीय कात्री, जिच्यासाठी एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे.

या कात्रीवर आधारलेल्या उपचाराला जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती मी राहते त्या ब्रिटनने, नोव्हेंबर २०२३ मध्ये. कॅसजेव्ही असे त्याचे नाव. त्यात बिघडलेले अक्षर दुरुस्त केले जात नाही. गर्भात असताना चालणारे आणि जन्मानंतर बंद पडणारे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू व्हावे म्हणून, ते बंद ठेवणाऱ्या बीसीएल-इलेव्हन-ए या जनुकाच्या नियंत्रक तुकड्यावर कात्री चालवली जाते. चाचणीत पुरेसा काळ पाहणी झालेल्या २९ रुग्णांपैकी २८ जणांना किमान वर्षभर तीव्र वेदनांचा झटका आला नाही. ज्यांनी असा झटका आलेला माणूस पाहिला आहे, त्यांना या आकड्याचे मोल सांगायला नको. पण त्यासाठी रुग्णाच्या रक्तातून रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी वेगळ्या काढाव्या लागतात, प्रयोगशाळेत त्यांच्यावर काम होते, मग बुसल्फान या जहाल केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करतात, ज्यात पुढे मूल न होण्याचा धोका असतो, आणि मग सुधारलेल्या पेशी परत सोडून कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. घोषित किंमत १६ लाख ५० हजार पौंड, म्हणजे सतरा कोटी रुपयांच्या वर. इथली राष्ट्रीय आरोग्य सेवा गुप्त सवलतीने ती घेते आणि रुग्णाला एक पैसाही द्यावा लागत नाही. तरीही जानेवारी २०२५ मध्ये सिकलसेलसाठी मंजुरी देताना इंग्लंडमध्ये वर्षाला साधारण ५० जणांना हा उपचार मिळेल असे सांगण्यात आले. देशात सिकलसेलचे रुग्ण पंधरा हजारांच्या वर आहेत.

मग उरलेल्यांना काय मिळते? इथे माझे लक्ष ज्या गोष्टीकडे गेले, ती बातम्यांत कधी येत नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच इंग्लंडमध्ये प्रत्येक बाईला एक कागद भरावा लागतो. त्यात तिचे आणि मुलाच्या वडिलांचे पूर्वज कोणत्या देशातले, हे विचारलेले असते, आणि गोऱ्या बाईलाही ते चुकत नाही. माझ्यासमोर बसलेल्या मिडवाइफने भारताच्या चौकटीत खूण केली आणि सिकलसेल व थॅलसेमिया (हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार) यांसाठी रक्त घेतले. आई वाहक निघाली तर वडिलांना तपासणीचे बोलावणे जाते. बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी मिडवाइफ घरी येते, टाच कोमट करून टोचते आणि एका जाड कागदावरची चार वर्तुळे रक्ताने पूर्ण भिजेपर्यंत थांबते. अर्धवट भरले तर पुन्हा टोचावे लागते आणि आई रडवेली होते. त्या चार थेंबांत सिकलसेल सापडला, तर बाळाला तीन महिन्यांचे होण्याच्या आत रोज दोनदा पेनिसिलीन सुरू होते. सिकलसेलची मुले लहानपणी बहुतेकदा न्यूमोकोकस या जिवाणूच्या संसर्गाने दगावत, आणि पेनिसिलीनने हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो हे अमेरिकेतल्या चाचणीने १९८६ मध्येच दाखवून दिले होते. त्यानंतरचे औषध हायड्रॉक्सियुरिया. हे रसायन जर्मनीत १८६९ मध्ये तयार झाले, कर्करोगासाठी वापरले गेले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी मान्य झाले. तेही गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. सतरा कोटींची कात्री जे एका घावात करू पाहते, तेच ही कॅप्सूल कमी प्रमाणात, रोज घ्यावी लागून आणि मधूनमधून रक्त तपासत करते.

याचा अर्थ ब्रिटनमध्ये सगळे आलबेल आहे असा मुळीच नाही. इथले बहुसंख्य सिकलसेल रुग्ण आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाचे आहेत, आणि २०२१ मध्ये संसदेतल्या सर्वपक्षीय गटाने काढलेल्या अहवालात असे नोंदवले आहे की, वेदनेने कळवळत तातडीच्या विभागात आलेल्या या रुग्णांकडे कित्येकदा नशेसाठी मॉर्फिन मागणारे म्हणून पाहिले जाते आणि वेदनाशामकाला वेळ लावला जातो. नव्या औषधांचेही सगळेच सरळ चालत नाही. व्हॉक्सेलोटर ही सिकलसेलवरची नवी गोळी इथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २०२४ मध्येच वापरासाठी मान्य झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने ती जगभरातून परत बोलावली, कारण चाचण्यांत ती घेणाऱ्यांमध्ये वेदनांचे झटके आणि मृत्यू यांचे प्रमाण वाढलेले दिसले. त्यामुळे ‘तिकडे बघा’ असे सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही. एवढेच म्हणते की, इथला सर्वांत चांगला भाग कात्रीचा नाही, टाचेतल्या चार थेंबांचा आहे.

आपल्याकडे याच्या नेमके उलटे बोलले जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संस्थेने सिकलसेलवरचा स्वदेशी क्रिस्पर उपचार जाहीर केला, त्याला बिरसा मुंडांच्या नावावरून ‘बिरसा १०१’ असे नाव दिले आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. या शास्त्रज्ञांनी वेगळ्या जिवाणूतले प्रथिन घेऊन स्वतःची कात्री घडवली आहे, आणि पुण्याच्या कारखान्यातून लस जशी स्वस्त झाली तसा हा उपचारही काही पटींनी स्वस्त होऊ शकतो. पण त्या आठवड्यात माझ्या फोनवर आलेल्या संदेशांचा सूर असा होता, की जणू आजार संपलाच. स्वस्त झाली तरी बुसल्फान लागणार, निर्जंतुक खोली लागणार, महिनाभर मजुरी बुडणार. भामरागडच्या माणसाला ते सगळे कुठे मिळणार, हा प्रश्न त्या संदेशांत नव्हता.

सरकारी योजना मुळात चुकीची नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात आदिवासी भागांतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे ध्येय ठेवले आहे, आणि चंद्रपूरला आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, हिमोग्लोबिन विकारांचे केंद्रही उभे राहिले आहे. शिबिरातल्या प्राथमिक तपासणीची विद्राव्यता चाचणी तर रसायनशास्त्राच्या साधेपणाचा नमुना आहे. डायथायोनाइट घातलेल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, काही मिनिटांनी नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. रेघा दिसल्या तर ठीक, गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर सिकल. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यातला फरक सांगत नाही, त्यासाठी पुढची तपासणी लागते, आणि नवजात बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असल्यामुळे ती चालतच नाही. म्हणजे पेनिसिलीन ज्या वयात जीव वाचवते, नेमक्या त्याच वयाला ती उपयोगाची नाही. शिवाय तपासणीचा आकडा मोठा दिसला, तरी त्यात सापडलेल्या मुलाच्या हाती पुढच्या महिन्याचे हायड्रॉक्सियुरिया पडते का, हे त्या आकड्यातून कळत नाही. आणि तपासणीनंतर हातात आलेल्या निकालाच्या कार्डाचे ओझे मुलीच वाहतात; वाहक मुलाचे लग्न होते, वाहक मुलीचे स्थळ मोडते, जरी जोडीदाराकडेही सदोष जनुक असल्याशिवाय मुलाला आजार होण्याची शक्यता नसते, आणि दोघेही वाहक असले तरी ती प्रत्येक गर्भारपणात चारात एक एवढीच असते.

हीच कात्री प्राण्यांवरही चालते. एडिंबराजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे डॉली मेंढी जन्मली, तिथे डुकरांच्या सीडी-१६३ या जनुकातला छोटा तुकडा काढून त्यांना पीआरआरएस या श्वसन व प्रजनन बिघडवणाऱ्या विषाणूपासून वाचवता येते हे दाखवले गेले. असे डुक्कर अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये मान्य केले. इंग्लंडने २०२३ मध्ये अशा जनुक-संपादनासाठी वेगळा कायदा केला, पण आधी वनस्पतींपुरताच तो अमलात आणला. स्कॉटलंडने तो घेतलाच नाही, म्हणजे संशोधन ज्या मातीत झाले तिथेच त्याचा वापर अडकला. मला हा उशीर खटकत नाही. प्राण्यांचे हाल होतील का, हे आधी विचारणे योग्यच आहे. आपल्याकडे गाईच्या बाबतीत मात्र कात्रीचे काम नाही, नोंदींचे आहे. राज्यमातेच्या निर्णयानंतर पाचव्या दिवशी, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, वाशीम येथे देशी गुरांसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ जाहीर झाली. त्या चिपवर डीएनएतल्या हजारो जागा एकदम वाचता येतात आणि कालवड दूध किती देईल याचा अंदाज ती लहान असतानाच बांधता येतो. हा अंदाज खरा ठरण्यासाठी हजारो गाईंच्या दुधाचे मोजमाप वर्षानुवर्षे वहीत उतरवलेले असावे लागते. भावनगरच्या बाजूने ब्राझीलला गेलेल्या गीर गाईंचे दूध तिथे वाढले ते अशाच नोंदींमुळे. दूध ए-टू आहे की नाही हा प्रश्न त्यात शेवटून पहिला आला असता.

परदेशात बसून शिकवू नका, असे मला माझे मामेभाऊ सांगतात, आणि ते म्हणतात त्यात तथ्य आहे. मी तिथे मतदान करत नाही, करही भरत नाही. पण डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा विदर्भाचे प्रश्न घ्यायचे असा रिवाज आहे. या वेळी कोणा आमदाराने तीन प्रश्न लेखी विचारावेत: नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदियाच्या सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या किती बाळांची टाच टोचून सिकलसेलची तपासणी होते, सापडलेल्या किती बाळांना तीन महिन्यांच्या आत पेनिसिलीन सुरू झाले, आणि मागच्या वर्षात कोणत्या ग्रामीण रुग्णालयात किती दिवस हायड्रॉक्सियुरिया शिल्लक नव्हते. गोशाळांच्या अनुदानाचा हिशोब गाईमागे आणि दिवसामागे ठेवता येतो, तर हाही ठेवता येईल.