मेलेली झाडं वाफ्यात पुरून टोमॅटोला 'लस' मिळत नाही

'रोगप्रतिकारक टोमॅटोचं भयानक सत्य' या नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या मोबाईलवरून फिरतोय. त्याचं सार असं: हायब्रीड टोमॅटोच्या बियांत प्रयोगशाळेत बुरशीचं जीन (जनुक) टोचतात, पाकिटावरची 'व्ही, एफ, एन' ही अक्षरं त्याची गुप्त खूण, असा टोमॅटो खाल्ला की ते जीन आपल्या रक्तात उतरतं. गावठी टोमॅटोला म्हणे रोग होतच नाही. आणि झालाच, तर मेलेली झाडं तोडून त्याच वाफ्यात पुरायची, म्हणजे पुढच्या रोपांना 'लस' मिळते. असलं काही आलं की मी एरवी पुसून टाकतो. पण गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या वहिनीने वायंगणातली (पावसाळ्यानंतरच्या पिकातली) सुकलेली झाडं खरोखरच कोयत्याने तोडून पुरली, वर मलाही फोन करून तसंच कर म्हणाली. तेव्हा बोलणं भाग आहे.

लशीपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचा मूर्खपणा विसरता येतो, हा मातीत राहतो. लस टोचली की आपल्या शरीरात त्या रोगाची ओळख ठेवणाऱ्या पेशी तयार होतात आणि रक्तातून फिरतात. टोमॅटोला ना रक्त, ना तशा फिरत्या पेशी. मर रोगाची, म्हणजे उभं झाड सुकवून मारणाऱ्या रोगाची, बुरशी ओळखून तिला अडवायची ताकद रोपाला मुळात बियेतूनच मिळावी लागते. पुरलेलं मेलेलं झाड शेजारच्या रोपाला काही शिकवत नाही, फक्त रोग देतं. फ्युझेरियम नावाची ही बुरशी झाड मेलं म्हणून मरत नाही. जाड कवचाचे बीजाणू करून ती वर्षानुवर्षं मातीत पडून राहते आणि टोमॅटोचं मूळ जवळ आलं की पुन्हा जागी होते.

त्यात आपल्याकडची गंमत वेगळीच. गोव्याच्या दमट हवेत, आंबट जांभ्या मातीत टोमॅटो मरतो तो पुष्कळदा बुरशीने नव्हेच, जिवाणूने. बुरशीची मर सावकाश येते: खालची पानं पिवळी पडतात, बऱ्याचदा एकाच बाजूची. जिवाणूची मर आली की कालचं हिरवंगार झाड आज हिरवं असतानाच मान टाकतं. खात्री करायची तर बुंध्याचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा लटकवायचा. थोड्या वेळात दुधासारखी धार खाली उतरली, तर जिवाणू. वहिनीला तेच करायला लावलं. धार उतरली. आणि त्याच वाफ्यात आता ती मिरची नि वांगी लावणार होती, म्हणजे या जिवाणूला आवडतं ताट वाढून ठेवल्यासारखंच! पुरलेलं सगळं मुळांसकट उकरून जाळायचं, त्या वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ द्यायचं नाही आणि तिथे भात घ्यायचं, यापलीकडे तिला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता ते टोचलेलं जीन. १९३९-४० साली अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात बोन आणि टकर या दोघांनी दाखवून दिलं की दक्षिण अमेरिकेतल्या एका रानटी टोमॅटोला, करवंदाएवढी फळं येणाऱ्या, फ्युझेरियमची मर लागत नाही. साध्या टोमॅटोशी त्याचा संकर केला तर हा गुण एका प्रभावी जीनमधून पुढच्या पिढीत उतरतो. फुलावर पराग टाकला, बी धरलं, पेरलं, मेली ती रोपं सोडली, जगली ती ठेवली. जीन ज्याचं बनतं त्या डीएनएची रचना कळली १९५३ मध्ये आणि परकं जीन घातलेली पहिली रोपं आली १९८३ मध्ये. मग १९४० साली सुई कोणी टोचली? शिवाय जीन बुरशीचं नाही, टोमॅटोच्याच चुलत भावाचं आहे. प्रयोगशाळेत परकं जीन घालून शेतकऱ्याच्या हाती मोकळेपणी आलेलं पीक भारतात एकच, बीटी कापूस, २००२ पासून. टोमॅटो त्यात नाही.

'व्ही, एफ, एन' म्हणजे व्हर्टिसिलियम (मर आणणारीच दुसरी बुरशी), फ्युझेरियम आणि नेमॅटोड म्हणजे मातीतले बारीक सूत्रकृमी: कोणता रोग हे वाण सोसतं त्याची यादी. गुप्त खूण कोणी पाकिटावर छापतं का? जीन रक्तात जाण्याचं म्हणाल तर भाताच्या प्रत्येक शितात आणि हुमणातल्या बांगड्यात हजारो जीन असतात, पोटात सगळी पचतात. गावठीला रोग होत नाही म्हणणाऱ्याने पावसाळ्याच्या तोंडाशी कुठल्याही परसात डोकावून यावं.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याला द्यावी लागेल, नाइलाजाने. 'रोगप्रतिकारक' हा शब्द पाकिटावर मोठ्ठा असतो आणि कोणत्या रोगाला ते बारीक अक्षरात, त्यामुळे माणूस फसतो. आणि प्रतिकार कायमचा नसतो हेही खरं. मिसुरीच्या त्या जीनला दाद न देणारी फ्युझेरियमची दुसरी जात १९४० च्या दशकातच सापडली, पुढे ऑस्ट्रेलियात तिसरी. प्रत्येक वेळी रानटी टोमॅटोंतून नवं जीन शोधावं लागलं. बियांवरचा गुलाबी-निळा रंग हाही औषध लावल्याची खूण असतो, तेव्हा असलं बी कोंबड्यांपुढे टाकू नये, एवढंही मान्य.

पण त्यावरचा उपाय पाकीट नीट वाचणं हाच. वहिनीच्या वाफ्यात 'एफ'वालं बी आणून काडीचा उपयोग नाही. तिला जिवाणूची मर सोसणारं हवं: बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' आहे, ते जिवाणूजन्य मर, पानं मुरडणारा विषाणू आणि लवकर येणारा करपा अशा तिघांना तोंड देतं. नाहीतर मर सोसणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम. तेही त्या वाफ्यात नको, दुसऱ्या.